आबांच्या चित्राला घातलेला हार

आमच्याकडे माणूस स्वतःचं चित्र काढून घेत नाही. ते त्याच्या माघारी घरचे काढून घेतात. चित्रकलेची पदविका घेऊन मी चकलांब्याला परत आलो तेव्हा मला वाटलं होतं, आता गाव आपल्याकडे कौतुकानं येईल. गाव आलं, पण मतदान कार्ड घेऊन आलं. त्या कार्डावरच्या नखाएवढ्या फोटोत कुणाचा तरी बाप दचकून समोर बघत असायचा. मी त्याला फेटा बांधायचा, गालाचे खड्डे बुजवायचे, मागे निळं आभाळ आणि पांढरे ढग घालायचे, आणि हे सगळं तेराव्याच्या आत उरकून द्यायचं. पुढे पुढे तर माझ्या काखेत ड्रॉइंग बोर्ड दिसला की बायका डोक्यावरचा पदर सारखा करून हळूच विचारायच्या, कोण गेलं म्हणून.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी म्हणालो की मला तुमचं चित्र काढायचंय, तेव्हा ते एका मेंढीच्या खुरातला काटा काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला काहून काढतू? मी हाय की आजून. मेल्यावर काढ, तवा मी आडवायला येत न्हाई."

मी हसलो खरा, पण ते मला लागलं. आयुष्यभर मी जे करत आलो ते माझ्या बापाच्या लेखी तिरडीच्या सामानातलं होतं. बांबू, मडकं, गोवऱ्या आणि शेवटी मुलानं काढलेलं चित्र. मला त्यांच्याकडून शाबासकी नको होती. त्यांनी एकदा, जिवंतपणी, स्वतःच्या चित्रासमोर उभं राहावं आणि जित्या माणसाचंही चित्र काढतात हे बघावं, एवढंच मला पाहिजे होतं. कलेबिलेबद्दल मी चारचौघांत काहीही बोलत असलो तरी पुढे बीडला भरवलेल्या प्रदर्शनात मी जे काही केलं ते याच एका हट्टापायी केलं.

मी केजला एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. शिकवतो असं पगारपत्रक म्हणतं. प्रत्यक्षात चित्रकलेचा तास हा गणिताच्या मास्तरांचा राखीव साठा असतो, त्यांचा भाग मागे राहिला की ते माझ्या वर्गात शिरतात आणि मी स्टाफरूममध्ये बसतो. मुख्याध्यापकांना माझी आठवण होते ती फळ्यावर सुविचार लिहायचा असला, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायचा असला किंवा साहेब तपासणीला येणार असले तर. या सगळ्यातून उरलेल्या वेळात मी जी चित्रं काढतो ती घरी कपाटामागे भिंतीला तोंड करून उभी असतात. त्यांत काहीच सरळ नसतं. कचेरीतल्या खुर्चीला मुळं फुटून ती फरशीखाली गेलेली असतात. विहिरीत वाकून बघणाऱ्या माणसाला खालून दुसरी माणसं वाकून बघत असतात. बायकोचं म्हणणं असं की एवढा हात चांगला आहे तर नीट का काढत नाही.

असलीच वेडीवाकडी चित्रं काढणारी आम्ही पाच माणसं जिल्ह्यात कशीबशी एकमेकांना सापडलो. दोघे माझ्यासारखेच चित्रकलेचे मास्तर. एकाचं बीडला फ्लेक्सचं दुकान, दिवसभर तो वाढदिवसाच्या शुभेच्छा छापतो आणि घरी जाऊन तेच फ्लेक्स कॅनव्हासवर रंगवतो, फक्त त्यांतली माणसं वगळून. गॉगल, सोन्याच्या साखळ्या, कडक इस्त्रीचे पांढरे सदरे, सगळं जागच्या जागी आणि आत कुणीच नाही. पाचवी नेकनूरची एक बाई. ती शहरात कॉलेजात चित्रकला शिकलेली, लग्नानंतर घर, म्हशी आणि सासूची औषधं यांतून हात मोकळा झाला की चित्र काढणारी. तिनं एक कपाट काढलं होतं. त्यात साड्यांच्या चळतीत एक बाई घडी घालून ठेवलेली, आणि घडीच्या कडेतून तिच्या पायाचं एक जोडवं तेवढं दिसायचं. ते चित्र मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला माझी सगळी चित्रं बाळबोध वाटली होती.

या पाच जणांनी मिळून बीडला प्रदर्शन भरवायचं ठरवलं. जागेपासून अडलं. जिल्ह्याच्या गावाला लग्न लावायला जागा आहे, सभा घ्यायला आहे, मेळावे भरवायला आहे, चित्रं टांगायला नाही. शेवटी फ्लेक्सवाल्या मित्राच्या ओळखीनं एक मंगल कार्यालय मिळालं. लग्नसराई संपली होती, ते रिकामंच पडलेलं. मालक एका पुढाऱ्याचा मेहुणा. त्यानं मन मोठं करून हॉल दिला आणि बारीक आवाजात एकच अट सांगितली, उद्घाटन साहेबांच्या, म्हणजे त्या पुढाऱ्यांच्याच, हस्ते झालं पाहिजे. आम्ही हो म्हणालो. नाही म्हणायची आमची ऐपत नव्हती.

मग प्रतिमेचा प्रश्न निघाला. आमच्या जिल्ह्यात कुठलाही कार्यक्रम प्रतिमापूजनाशिवाय सुरू होत नाही. बोअरच्या पाण्याचं उद्घाटन असो की क्रिकेटचे सामने, टेबलावर एक प्रतिमा, शेजारी समई, पाहुण्यांनी हार घालायचा, कुंकू लावायचं, उदबत्ती ओवाळायची, नारळ फोडायचा, मगच माईक सुरू होतो. आता कुणाची प्रतिमा ठेवायची ते ठरवा. एका महापुरुषाची ठेवली की लोकांना तुमची जात कळते. दुसऱ्याची ठेवली की न ठेवलेल्याची माणसं विचारायला येतात. सगळ्यांची ठेवली तर मधे कोण आणि कडेला कोण यावरून रुसवे. एरवी हा विषय चेष्टेचा असता, पण हल्ली आमच्या भागात शेजारी शेजाऱ्याचं आडनाव आठवून बोलतो आणि चहाचं हॉटेलसुद्धा कुणाचं आहे ते बघून माणसं आत जातात. आम्ही पाच जण पाच घरचे. पाचही जणांना घरून कानमंत्र मिळालेला. दोन संध्याकाळी वाद घालून, एकमेकांना न दुखवण्याची पराकाष्ठा करून, आम्ही ठरवलं की प्रतिमाच ठेवायची नाही. नुसती समई लावायची. आपण आधुनिक चित्रकार आहोत, असं त्या बाई म्हणाल्या, आणि आम्हा चौघांना सुटल्यासारखं झालं.

माझं मोठं चित्र तोवर पुरं झालं होतं. आबांनी नको म्हटलं तरी मी ते काढलंच, आठवणीनं काढलं. चित्रात आबा धोतर-फेट्यात उभे आहेत, खांद्यावर घोंगडी आहे, आणि ती घोंगडी खाली घरंगळत घरंगळत माळरान झाली आहे. तिच्या चुण्यांमधून मेंढरं उतरतायत, काही चुणीत शिरून दिसेनाशी झाली आहेत. आबांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत, कारण जमीन त्यांच्याच खांद्यावरून निघालेली आहे. मागे नुसतं पावसाळ्याआधीचं ढगाळ आभाळ. चेहरा मात्र मी जसाच्या तसा काढला. डाव्या भुवईवरची खोक, ओठ मिटून धरायची सवय, सगळं. इतक्या वर्षांच्या मतदान कार्डांनी माझा हात चेहऱ्यात पक्का केला होता, आणि पहिल्यांदाच मी तो हात एका जित्या माणसासाठी वापरत होतो.

आबांना आणणं सोपं नव्हतं. मेंढरं काही कुलूप लावून ठेवता येत नाहीत. धाकट्या भावाला, मग चुलत्याला, शेवटी चुलत्याच्या जावयाला गळ घालून मी एका दिवसाची सोय केली. चित्रात तुम्ही आहात हे सांगितलं नाही, फक्त माझा कार्यक्रम आहे, आलं पाहिजे, असं म्हणालो. ते आईला म्हणाले की धुतलेलं धोतर काढून ठेव. गेवराईवरून बस पकडून ते एकटेच आले. मी घ्यायला गेलो तर स्टँडवर घोंगडी मांडीवर घेऊन सरळ बसले होते, बाजारात आलेल्या माणसासारखे नाही, सोयरिकीला आलेल्या माणसासारखे. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या हातातली पिशवी ओढूनच घेतली.

कार्यालयाच्या दारात साहेबांचा फ्लेक्स लागला होता, माणसाच्या दुप्पट उंचीचा. आमची पाच नावं त्यांच्या बुटांच्या खाली होती. आत नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सारून, मांडववाल्याच्या कापडाला आकडे अडकवून आम्ही चित्रं टांगली होती. माझं चित्र सगळ्यांत मोठं म्हणून स्टेजवर मागच्या भिंतीला. आबांना मी तिसऱ्या रांगेत कडेला बसवलं. चित्र त्यांना तिथून दिसत होतं की नाही मला कळेना. मधे साहेबांची माणसं उभी राहून फोटो काढत होती, आणि मी मनात ठरवलं होतं, भाषणं उरकली, गर्दी पांगली की त्यांचा हात धरून त्यांना स्टेजवर न्यायचं.

साहेब ठरल्या वेळेच्या खूप उशिरा आले, म्हणजे नेहमीसारखे. तोवर लावून बघितलेली समई कूलरच्या वाऱ्यानं दोनदा विझली होती. निवेदक म्हणून आणलेल्या मास्तरांनी ती टेबलासकट उचलून आडोशाला नेली. आडोसा म्हणजे माझ्या चित्राच्या बरोबर खाली. मी ते बघितलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेबांच्या कार्यकर्त्यानं सवयीनं आणलेला झेंडूचा भला मोठा हार, कुंकवाची वाटी, उदबत्तीचा पुडा, नारळ, सगळं त्या टेबलावर ठेवलं. निवेदकांनाही सवयच. त्यांनी माईक हातात घेतला आणि गेली कित्येक वर्षं जे म्हणत आले तेच म्हणाले, की आता मान्यवरांच्या हस्ते प्रतिमापूजन व दीपप्रज्वलन होईल.

साहेबांनी समोर बघितलं. समई होती, हार होता, आणि वर चौकटीत फेटा बांधलेला, गंभीर चेहऱ्याचा, जमिनीपासून वर उचललेला एक म्हातारा माणूस होता. मागे आभाळ होतं. हा कोण, असा प्रश्न त्यांना पडलाच नाही. त्यांनी पायातले बूट काढले, हार उचलला, दोन कार्यकर्त्यांनी चौकटीच्या वरच्या कडेला तो अडकवला, आणि साहेबांनी टाचा उंच करून माझ्या बापाच्या कपाळावर बोटानं कुंकू लावलं. मग उदबत्ती ओवाळली. सगळ्या सभागृहानं हात जोडले.

मी पुढे झालो. आमच्यातल्या कुणी माझी बाही धरली, बहुतेक फ्लेक्सवाल्यानं, पण मी गेलो. साहेबांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "साहेब, हे माझे वडील आहेत." ते इथंच बसलेत, असं मी पुढे म्हणणार होतो. तेवढी सवड मला मिळाली नाही. रोज लग्नं आणि दुखवटे एकाच गाडीतून उरकणाऱ्या माणसाचा चेहरा काय चटकन बदलतो ते मी त्या दिवशी जवळून बघितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटून मान हलवली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि निवेदकांच्या हातून माईक घेतला.

"आपले हे चित्रकार सर, यांच्या वडिलांची ही प्रतिमा हाय. मुलानं बापाच्या आठवणीत येवढं मोठं चित्र काढलं, लई मोठी गोष्ट हाय. बाप गेल्यावर बापाची किंमत कळती. कार्यक्रम सुरू करायच्या आधी आपण सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू."

मी म्हणालो, नाही साहेब, तसं नाही. माईकच्या आवाजात ते त्यांनाही ऐकू गेलं नसेल. खुर्च्या सरकल्या आणि एकदम सगळं शांत झालं. गप्प राहायची वेळ असते ती. अशा वेळी तोंड उघडून, बाप जिवंत आहे असं ओरडायचं कसं, हे मला अजूनही सुचलेलं नाही. मी साहेबांच्या शेजारी मान खाली घालून उभा राहिलो. मग मान वर करून तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

आबा उभे होते. सगळे उठले म्हणून उठले असतील. समोरची माणसं उठून जरा सरकल्यामुळे त्यांना आता चित्र स्वच्छ दिसत होतं. त्यांनी चित्राकडे बघितलं, हाराकडे बघितलं, आणि शेजारच्या माणसानं कोपरानं ढोसल्यावर त्यांनीही हात जोडले. स्वतःला श्रद्धांजली वाहत माझा बाप दोन मिनिटं ताठ उभा राहिला. मी खालच्या मानेनं ढसाढसा रडायला लागलो आणि साहेबांनी मला पोटाशी धरलं. त्याचे फोटो निघाले.

भाषण झालं. साहेबांनी जाता जाता बाकीची चित्रं बघितली. कपाटातल्या बाईसमोर उभं राहून, हे घरसंसाराचं चित्र हाय, छान हाय, असं म्हणाले. फ्लेक्सवाल्याच्या रिकाम्या सदऱ्यांसमोर जरा थबकले, आत कोण आहे असं त्यांनी विचारलं, तो म्हणाला अजून काढायचंय. गाड्या गेल्या. मग पोहे वाटले. नेकनूरच्या बाईंनी तेवढ्यात चित्रावरचा हार ओढून काढला आणि चिडून आमच्याकडे फेकला. तुम्ही पुरुष माणसं, एकानंही तोंड उघडलं नाही, म्हणाल्या. फ्लेक्सवाला म्हणाला की कार्यकर्ते अजून दारात आहेत, जरा हळू. आमचा गट तिथंच संपला, जरी प्रदर्शन पुढे आणखी दोन दिवस चाललं. त्या दोन दिवसांत आलेल्यांपैकी निम्म्यांनी कशाचं चित्र आहे ते विचारलं. एका केंद्रप्रमुखांनी शाळेच्या बोलक्या भिंती करून द्याल का असं विचारलं, त्यात पाढे, फळं आणि जिल्ह्याचा नकाशा पाहिजे होता.

पहिल्या दिवशी साहेबांच्या गाड्या गेल्या तेव्हा आबांना मी गर्दीत शोधत होतो. ते बाहेर चपला शोधत होते. मी जाऊन उभा राहिलो तर म्हणाले, जातो, मेंढरं दुसऱ्याच्या हवाली हायती. मी म्हणालो, आबा, चित्र नीट बघून तरी जा. ते माझ्याकडे न बघता चपलेत पाय सरकवत म्हणाले, बघितलं की, समद्यांनी बघितलं. मी स्टँडपर्यंत येतो म्हणालो तर नको म्हणाले. घोंगडी खांद्यावर टाकून रस्ता ओलांडून गेले.

ते गेवराईला पोचायच्या आत मेलेले होते. कार्यकर्त्यानं चित्राचा फोटो काढून, फक्त चेहऱ्यापुरता कापून, खाली दोन समया आणि वर साहेबांचा हात जोडलेला फोटो टाकून, भावपूर्ण श्रद्धांजली असं लिहून सगळ्या ग्रुपवर सोडलं होतं. ढग आधीच होते, ते वेगळे घालावे लागले नाहीत. तो साचा आमच्याच फ्लेक्सवाल्या मित्राच्या दुकानातला होता, त्यानं स्वतः मला मान खाली घालून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझी आत्या, आबांची थोरली बहीण, पार लांबच्या खेड्यातून जीप करून चकलांब्याला आली. वेशीपासूनच ती गळा काढून, माझ्या पाठीवरचा, माझ्या दुधावरचा, असं एक एक आठवून रडत घरापर्यंत आली. आबा दारात शेळीचं दूध काढत बसले होते. ती त्यांना बघून आधी गप्प झाली आणि मग पहिल्यापेक्षा मोठ्यानं रडली. तिच्याबरोबर आलेल्या तिच्या मुलानं दुखवट्याची टोपी आणि टॉवेल आणला होता, तो त्याला कुठं लपवावा कळेना. आबांनीच त्यांच्यासाठी चहा करायला सांगितला. पुढे चार-पाच दिवस माणसं येत राहिली, आणि आलेल्या प्रत्येकाला आबा समोर बसून, पाणी देऊन, तुमी आला हे बरं केलं असं म्हणत राहिले. आईनं रोज संध्याकाळी त्यांच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. आत्यानं माझ्या नावानं बोटं मोडली. बापाला ढगात बसवणारा कसला पोरगा हा, असं ती म्हणाली, आणि हे तिचं म्हणणं मला कुठल्याही समीक्षकापेक्षा जास्त झोंबलं.

मी त्या कार्यकर्त्याला फोन केला. म्हणालो, वडील हयात आहेत, ते काढून टाका आणि साहेबांना सांगा चार ओळींचा खुलासा टाकायला. तो माझ्याशी अतिशय प्रेमानं बोलला.

"सर, आता काढलं तर साहेबांचं चुकलं असं व्हतंय. ऱ्हाऊ द्या. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतंय, तुमच्या वडलांचं चांगलंच झालं. आन सर, साहेबांच्या वडलांचं बी तसलंच येक चित्र पायजे, आभाळातलं. कदी येता?"

मी फोन ठेवला. तसलंच एक, म्हणे. मला मुळात एकच गोष्ट करायची होती आणि तिचं माझ्या हातून इतकं मातेरं झालं होतं की आता तिची मागणी येत होती.

पावसाळा उलटून गेल्यावर आबा डोळे तपासायला केजला माझ्याकडे आले. चित्र बाहेरच्या खोलीतच होतं, बायकोनं त्यावर चादर टाकून ठेवली होती, कारण कपाळावरचं कुंकू रंगात बसलं होतं, मी पुसलं तरी तिथं एक तांबूस डाग राहिला होता. घरात कुणी त्या विषयावर बोलत नव्हतं. जेवण झालं, आबा खाटेवर बसले, आणि थोड्या वेळानं म्हणाले की ती चादर काढ.

मी चादर काढली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते त्या चित्रासमोर होते, एकटे, जिवंत, मला पाहिजे होते तसे. त्यांनी खूप वेळ बघितलं. घोंगडीच्या चुण्यांवरून त्यांची नजर खाली उतरत गेली, मग परत वर आली.

"मेंढरं आपली हायती," ते म्हणाले. "चांगली काढलीस. मधी ह्यो कोन हुबा हाय?"

मला वाटलं, ते चेष्टा करतायत. चेहरा बघितला तर चेष्टा नव्हती. मी म्हणालो, "आबा, हे तर..."

"कोन हाय, म्हनलो." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. आवाज चढला नव्हता, पण मी लहानपणी कळपातून मेंढरू हरवून आलो की ते ज्या आवाजात विचारायचे तोच तो होता. "वळकीचा न्हाई माज्या."

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तीही माझ्याकडेच बघत होती. हा माणूस तुम्हीच आहात, असं मी म्हणालो असतो तर कुंकू लावलेला, हार घातलेला, अर्ध्या जिल्ह्यानं हात जोडलेला तो मेलेला माणूस मी पुन्हा त्यांच्या अंगाला चिकटवला असता. ते मला कळत होतं. आणि त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं, हेही.

"कोणी नाही, आबा," मी म्हणालो. "मनानंच काढलाय."

"मंग बरं हाय." त्यांनी मोकळा श्वास सोडला. "मेंढरं जमली तुला. मानूस न्हाई जमला."

मी हो म्हणालो. आयुष्यात इतका जीव लावून मी दुसरं काहीही काढलेलं नाही, आणि तो माणूस मला जमला नाही हे मी त्याच माणसासमोर मान्य केलं.